तुमच्या घरात वाट बदलणारं पहिलं माणूस कोण होतं?

संत्रानगरी_७१:
नमस्कार मंडळी. बरेच दिवस मनात आहे ते आज लिहून टाकतो, लांबेल, सांभाळून घ्या. मी इथे नागपुरात एका इंजिनिअरिंग कॉलेजात लॅब असिस्टंट आहे आणि गेली चौदा वर्षं उन्हाळा संपता संपता माझी ड्यूटी ॲडमिशनच्या मदत केंद्रावर लागते. कागद तपासायचे, स्कॅन नीट आहे का बघायचं, ऑप्शन फॉर्मबद्दल, म्हणजे कोणती कॉलेजं हवीत त्याच्या क्रमवार यादीबद्दल, कोणी विचारलं तर सांगायचं.

यंदा एकाच सकाळी दोन लेकरं आली, सीईटीचे पर्सेंटाइल जवळपास सारखे. मुलाचे बाबा वीज केंद्रात इंजिनिअर, ते तीन वर्षांच्या कटऑफचे प्रिंट स्पायरल करून घेऊन आलेले, साठच्या वर ऑप्शन, कुठलं वर कुठलं खाली यावर बापलेकाची आदल्या रात्री चर्चा झालेली. मुलगी भिवापूरकडची, आई मिरची सातऱ्यावर, म्हणजे मिरची वाळवून निवडतात तिथे, देठं खुडायला जाते, फॉर्म गावातल्या ऑनलाइन सेंटरवाल्याने भरून दिलेला आणि त्यात ऑप्शन तीनच, तिन्ही नागपूरची मोठी कॉलेजं, तिला लागणारच नव्हती. मी म्हटलं बाळा तीनच का टाकले, तर म्हणते जास्त टाकले की जास्त पैसे लागतात ना. लागत नाहीत हो! एक टाका की शंभर टाका, फी तीच. आणि २०२४ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरच्या मुलींना कॅपमधून, म्हणजे सरकारी केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, ॲडमिशन झाली की ट्यूशन फी आणि परीक्षा फी माफ आहे हेही माहीत नाही, आई बचत गटाचं कर्ज उचलून पदराला पैसे बांधून आलेली. दोघींना बसवून फॉर्म नीट करून दिला, दुसऱ्या राउंडला चांगलं कॉलेज लागलं. पण त्या दिवशी माझी ड्यूटी दुसऱ्या टेबलावर असती तर काय झालं असतं हे डोक्यातून जात नाही.

डोकं सारखं, मार्क सारखे. एका घरात ती वाट कोणीतरी आधी चालून आलेलं आहे आणि दुसऱ्या घरात नाही, एवढाच फरक. लोक म्हणतात डॉक्टरचा पोरगा डॉक्टर होतो कारण पैसा असतो. पैसा असतोच, पण मला चौदा वर्षांत पटलंय की पैशाच्याही आधी घरात खबर असते. कोणता फॉर्म कधी निघतो, कोणता कागद कधी काढून ठेवायचा, एक वर्ष गेलं तरी चालतं की नाही, हे जेवताना कानावर पडत असतं.

माझंच सांगतो. आमचे आबाजी एम्प्रेस मिलमध्ये स्पिनिंग खात्यात. जमशेटजी टाटांनी १८७७ साली काढलेली मिल, पीएफचा कायदा देशात १९५२ मध्ये आला पण तिथे फंड त्याच्या कितीतरी आधीपासून होता, त्या फंडातूनच आमचं दोन खोल्यांचं घर झालं. बाबाही मिलमध्येच जायचे, तसं ठरलेलंच होतं, भोंगा झाला की कोण कुठे जाणार यावर घरात बोलणंच नसे. पण शेजारी एक पेशकार, म्हणजे कचेरीतले कारकून, राहायचे, त्यांनी आबाजींना म्हटलं पोराला टायपिंगला घाल, मराठी तीस इंग्रजी चाळीस पास झाला की बाबू होईल. महालात एका टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये बाबा रात्री जायचे. सरकारी कारकून झाले. मिल पुढे बंद पडली, बाबांचे सोबती रस्त्यावर आले, आमचं घर वाचलं. त्या पेशकारांचं एक वाक्य, बस. ते आमच्या शेजारी राहत नसते तर मी आज इथे लिहीत नसतो.

तर प्रश्न हा. तुमच्या घरात वाट बदलणारं पहिलं माणूस कोण होतं आणि त्याला ती वाट दाखवली कोणी? मनापासून लिहा.

गोळीबार_चौक:
दादा तुम्ही काळजाला हात घातला. आमचं घर कोष्ट्याचं. आजोबा, पणजोबा, सगळे मागावर. घरात शिरलं की अर्ध्या खोलीत खड्डामाग, उरलेल्या अर्ध्यात आम्ही सगळे. लहानपणी शाळेतून आलं की दप्तर टाकायचं अन् कांड्या भरायला बसायचं, खेळायला जायच्या आधी एवढ्या कांड्या झाल्याच पाहिजे असा आजीचा नियम. आता लोकं म्हणतात बालमजुरी, असेल, पण मले तेव्हा ताना कसा ताणायचा, धागा तुटला तर गाठ कुठे मारायची हे दहाव्या वर्षी येत होतं आणि त्याचा मले अभिमान आहे.

मग पॉवरलूमचं कापड स्वस्तात यायले लागलं आणि हातमागाच्या लुगड्याले गिऱ्हाईक राहिलं नाही. बाबांनी माग काढून टाकला तो दिवस आठवतो, खड्डा बुजवला आणि वरून फरशी घातली. त्या फरशीवर टेबल ठेवून आम्ही दोघं भाऊ अभ्यास केला. आमची वाट कोणी बदलली म्हणाल तं कोणी दाखवली नाही, जुनी वाट बुजली म्हणून आम्ही निघालो. भाऊ आयटीआय करून बुटीबोरीले कंपनीत, मी शिक्षक.

एक गोष्ट मात्र सांगतो. माझी पोरगी टेक्स्टाइल डिझाइन शिकून राहिली. तिले कोणी सांगितलं नव्हतं. आजीच्या पेटीतलं लुगडं काढून काठ बघत बसायची तासन् तास. मधली एक पिढी सोडून गोष्ट उतरली. याले काय म्हणायचं मले माहीत नाही पण मी तिले अडवलं नाही.

दंडकारण्य_एक्सप्रेस:
माफ करा पण मला हे सगळं पटत नाही. घरची परिस्थिती, बॅकग्राउंड, खबर नव्हती, ही कारणं ऐकत बसलं तर कोणीच पुढे जाणार नाही. मी गडचिरोली जिल्ह्यातल्या खेड्यातला, घरात दोन एकर धान, बाबा निरक्षर, आई निरक्षर, लाईट आठवड्यातून तीन दिवस. मी शिकलो, आज नागपुरात वर्ग दोनचा अधिकारी आहे. कोणी हात धरून नेलं नाही. ज्याला करायचं तो करतो. पोरांना आपण असं सांगत राहिलो की तुझ्या घरात वाट नाही तर ते पहिलं पाऊलच टाकणार नाहीत.

संत्रानगरी_७१:
दादा तुमच्या कष्टांबद्दल मनापासून आदर आहे, एका अक्षरानेही कमी लेखत नाही. फक्त एक विचारतो. तुमच्या गावातून तुमच्या बरोबरीचे किती जण शिकले? आणि तुम्ही गावातली शाळा संपल्यावर पुढे कुठे गेलात, ते कसं ठरलं?

पांढरा_कोट_नाही:
मी उलट्या बाजूने लिहितो. आईबाबा दोघं डॉक्टर, बाबा मेडिकलचे, आई मेयोची (नागपूरची दोन सरकारी मेडिकल कॉलेजं), धंतोलीत स्वतःचं हॉस्पिटल. बाहेरच्या बोर्डावर बाबांचं नाव, आईचं नाव आणि खाली एक ओळीची जागा मोकळी सोडलेली. मी पाचवीत असताना तो बोर्ड बसवला. ती मोकळी जागा कोणासाठी आहे हे मला कोणी सांगायची गरज नव्हती.

तीनदा नीट दिली. तिसऱ्यांदा मार्क आले तेव्हा बाबा काही बोलले नाहीत, जेवायला बसलो आणि आई म्हणाली मॅनेजमेंट कोटा बघू. मी त्या रात्री पहिल्यांदा म्हणालो की मला नकाशे आवडतात. हसू नका, खरंच तेच म्हणालो. लहानपणापासून ॲटलास घेऊन झोपायचो. बाबा म्हणाले नकाशे आवडतात म्हणजे काय, त्याचं काय करतात. त्यांना खरंच माहीत नव्हतं, चिडून नव्हते विचारत. आमच्या सगळ्या नातेवाइकांत एकोणीस डॉक्टर आहेत, मोजलेत मी, आणि एकालाही माहीत नव्हतं की भूगोल शिकून माणूस काय करतो. म्हणजे संत्रानगरी म्हणतात ती खबर आमच्या घरात भरपूर होती पण एकाच वाटेची.

आज रिमोट सेन्सिंगमध्ये काम करतो, सॅटेलाइटच्या चित्रांवरून पिकाखालचं क्षेत्र मोजतो. आनंदात आहे. पण हेही मान्य करतो की मी तीन वर्षं वाया घालवली आणि तरी उपाशी राहिलो नाही, मग पदवी नव्याने सुरू केली आणि फी बाबांनीच भरली. भिवापूरच्या त्या मुलीला एक वर्षही चुकायची मुभा नाही. मला वाटतं घरातून मिळणारी सगळ्यात मोठी गोष्ट ही असावी, चुकल्यावर परत यायला जागा.

बोर्डावरची ओळ अजून मोकळीच आहे. बाबांनी ती पुसली नाही, मीही विषय काढत नाही.

कन्हानकाठ:
वरचं सगळं वाचलं, आबाजी, बाबा, पणजोबा, सगळे पुरुषच. आमच्या घरात वाट बायकांनी बदलली ती लिहिते.

आजी कामठीला विड्या वळायची. सुपात तेंदूपान, तंबाखू आणि दोरा, हजार विड्या झाल्या की मजुरी आणि त्यातून वाईट म्हणून ठेकेदार काढून टाकायचा त्याचे पैसे नाहीत. बोटांची नखं कायम पिवळी. १४ ऑक्टोबर १९५६ ला ती सोळा-सतरा वर्षांची होती, कामठीहून पायी दीक्षाभूमीवर आली, पांढरं लुगडं दुसऱ्या बाईचं मागून नेसलेलं. आमच्या घरात ती गोष्ट शंभर वेळा सांगितली गेली आहे. त्या दिवसापासून तिने एक ठरवलं की पोरगी सुपाला हात लावणार नाही. आजोबांचा विरोध होता, चार हात जास्त झाले तर चार पैसे जास्त येतात असा साधा हिशोब. आजी ऐकली नाही, माझी आई अभ्यास करायची आणि आजी तिच्या वाटच्याही विड्या रात्री वळायची.

आई दहावी झाली, अंगणवाडी सेविका झाली. मी बीएस्सी नर्सिंग. माझ्या शिक्षणात विडी कामगारांच्या मुलांसाठीची शिष्यवृत्ती मिळाली असती, पण ती ओळखपत्र असलेल्या कामगाराच्या मुलांना मिळते, आणि आई विडी वळत नव्हती ना! आजीला हे सांगितलं तेव्हा ती खुश झाली. म्हणाली बरं झालं नाही मिळाली.

बाबासाहेबांच्या शिक्षणामागेही सुभेदार रामजी होते, सैन्यातल्या शाळेत मास्तर राहिलेला बाप, पहाटे उठवून अभ्यासाला बसवणारा. आम्ही बाबासाहेबांची बुद्धी सांगतो पण रामजींचं पहाटे उठणं पण सांगायला पाहिजे. ज्या घरात रामजी नसतो तिथे कोणीतरी सुपाजवळ बसून रात्र काढावी लागते.

आणि फॉर्मवर अजूनही सगळीकडे वडिलांचा व्यवसाय आधी विचारतात. माझ्या मुलीच्या फॉर्मवर मी आईच्या रकान्यात परिचारिका लिहिते तेव्हा मला आजीची नखं दिसतात.

गोळीबार_चौक:
ताई, डोळे भरले. अजून काय लिहू.

अनामिक_वारस:
नाव लिहीत नाही, समजून घ्या. माझे बाबा सफाई कामगार होते, आधी बरीच वर्षं ऐवजदार. नागपूरकरांना हा शब्द माहीत असेल, कायम कामगार नाही आला तर त्याच्या ऐवजी जाणारा, म्हणून ऐवजदार. नंतर कायम झाले.

लाड-पागे समितीच्या शिफारशीप्रमाणे सफाई कामगाराच्या जागी त्याच्या वारसाला नोकरी लागते. हा नियम आमच्यासाठी वरदान आहे हे आधी सांगतो, कोणी त्याच्या विरोधात बोललं तर मला राग येतो, कारण ज्या कामाला दुसरं कोणी हात लावत नाही ते पिढ्यान्पिढ्या करणाऱ्या माणसाच्या घराला निदान पगाराची हमी मिळाली. पण आमच्या घरात काय झालं ते सांगतो. बाबा गेले तेव्हा दादाचं बीकॉम झालं होतं, टॅली येत होतं, एका सीएकडे आठ हजारावर जात होता. मी बारावीत, बहीण दहावीत. काकांनी घरी बैठक बसवली, पक्की नोकरी सोडायची का. दादा गप्प होता. दुसऱ्या दिवशी त्याने अर्ज दिला. पहिल्या दिवशी कामावर गेला तेव्हा तोंडाला रुमाल बांधून गेला, धुळीसाठी नाही, कॉलेजचा कोणी मित्र दिसला तर.

त्याच्या पगारावर मी पदवी केली, दोन वर्षं बँकेच्या परीक्षा दिल्या, लागलो. बहीण डीएड झाली. घरात पगार सुरू असल्याने मी दोन वर्षं बसून अभ्यास करू शकलो, आणि तो पगार दादाच्या बीकॉमच्या बदल्यात आला होता. माझ्या करिअरची पार्श्वभूमी कोणी विचारली तर माझा दादा.

आता त्याचा मुलगा आठवीत आहे. वहिनी म्हणते बाहेर पोरांना दहा-बारा हजारावर राबवतात, वारसाची जागा हातची घालवायची नाही. दादा म्हणतो माझ्यानंतर अर्ज कोणी करणार नाही. घरात यावर भांडणं होतात. मी कोणाची बाजू घेऊ? वहिनी चुकीचं बोलत नाही. दादा पण नाही.

पांढरा_कोट_नाही:
दादा, तुमच्या पुतण्याला गणित, विज्ञान, काहीही अडलं तर मला मेसेज करा. दर रविवारी दोन तास देऊ शकतो. मनापासून लिहितोय.

अनामिक_वारस:
करतो. त्याला चित्रकला आवडते, पण गणितही लागेलच. खूप आभार.

दंडकारण्य_एक्सप्रेस:
संत्रानगरी, तुमच्या प्रश्नाला उत्तर दोन दिवसांनी देतोय. मुद्दाम थांबलो कारण तेव्हा रागात लिहिलं असतं.

गावातून माझ्या वर्गातले आम्ही तेवीस जण. पदवीपर्यंत दोघं. पाचवीत असताना आमच्या गुरुजींनी नवोदयचा फॉर्म आणला होता. फॉर्म त्यांनीच भरला, फोटो काढायला चामोर्शीला त्यांच्या सायकलवर डबलसीट नेलं, परीक्षेच्या दिवशी डबा त्यांच्या घरून. मी पास झालो, सहावीपासून बारावीपर्यंत घोटच्या नवोदयला राहिलो, जेवण, कपडे, पुस्तकं सगळं तिथेच. माझ्या अगदी पुढे बसणारा एक मुलगा होता, गणितात माझ्यापेक्षा हुशार, आजही मान्य करतो. त्याचा फॉर्म पण गुरुजींनी भरला होता पण परीक्षेच्या दिवशी शेतात काम होतं, त्याच्या बापाने पाठवलं नाही. परवा त्याला फोन केला, बऱ्याच वर्षांनी. तेंदूपानाच्या सीझनला फळीवर, म्हणजे पानं गोळा करायच्या केंद्रावर, मुनीम असतो, बाकी शेती.

मी कोणी हात धरला नाही असं लिहिलं ते चूक होतं. गुरुजींचं सायकलचं सीट मी विसरलो होतो. मेहनत मी केली हे खरंच आहे, ते मागे घेत नाही. पण त्यानेही केली असती.

संत्रानगरी_७१:
दादा, हे लिहायला मोठं मन लागतं. गुरुजी असतील तर हा धागा त्यांना वाचून दाखवा.

दंडकारण्य_एक्सप्रेस:
आहेत. ८४ वर्षांचे. या दिवाळीत जातो.

मकरधोकडा:
मी उमरेडकडचा. थोडा वेगळा प्रश्न आहे पण धाग्याशी जुळतो. आमची शेती वेकोलिच्या (वेस्टर्न कोलफील्ड्सच्या) कोळसा खाणीत गेली, दोन एकराला एक नोकरी या हिशोबाने मोठ्या बाबांना नोकरी लागली, आमच्या बाबांना नाही लागली कारण तुकडा कमी पडला. एका घरातल्या दोन भावांच्या दोन वाटा तिथून झाल्या. मोठ्या बाबांची पोरं कॉलनीतल्या शाळेत शिकून पुण्याला, आम्ही इकडेच. असो, कोणाबद्दल तक्रार नाही. आता माझ्या पुतण्याची ॲडमिशन आहे, आम्ही ओबीसी, व्हॅलिडिटीसाठी, म्हणजे जात पडताळणीच्या प्रमाणपत्रासाठी, जुना पुरावा मागतात. आबाजी शाळेत गेलेच नाहीत. घरात कोणाचीच व्हॅलिडिटी नाही, हा पहिला. कोणी सांगेल काय करायचं?

संत्रानगरी_७१:
भाऊ, नीट वाचा. ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा जातीचा उल्लेख असलेला पुरावा लागतो, एससीला १० ऑगस्ट १९५०, विमुक्त भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१. माझ्या टेबलावर दरवर्षी सगळ्यात जास्त रडारड याच कागदावर होते, कारण बहुतेकांकडे असला पुरावा म्हणजे आजोबांच्या शाळेच्या दाखल खारीज रजिस्टरमधली एक ओळ. ज्याचा आजोबा शाळेत गेला त्याच्या नातवाला कागद आयता मिळतो, आणि जो गेला नाही त्याच्या नातवाला तहसीलच्या चकरा. साठ-सत्तर वर्षांपूर्वीची शाळा अशी आज आडवी येते.

पण हिंमत सोडू नका. एक, तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये कोतवाल बुक बघा, जन्ममृत्यूच्या नोंदीत जात लिहिलेली असते, आबाजींच्या कोणत्याही भावंडाची किंवा मुलाची नोंद चालेल. दोन, भूमी अभिलेखमध्ये जुने कागद असतात, शेत गेलं तरी रेकॉर्ड जात नाही. तीन, आबाजींचे सख्खे भाऊ, चुलत भाऊ, वडिलांकडच्या रक्तनात्यातलं कोणीही १९६७ च्या आधी शाळेत गेलं असेल तर त्या गावच्या जिल्हा परिषद शाळेत जाऊन रजिस्टर काढायला लावा, वंशावळ जोडून देता येते. आणि मोठ्या बाबांच्या मुलांनी ॲडमिशनच्या वेळी काही कागद शोधले होते का तेही विचारा, बोलणं बंद असेल तर सुरू करा.

मकरधोकडा:
नऊ दिवसांनी लिहितोय. कोतवाल बुकची त्या वर्षांची पानं फाटलेली निघाली. मोठ्या बाबांच्या मुलाला पुण्याला फोन केला, सहा वर्षांनी बोललो, त्याच्याकडे काही नव्हतं पण तो म्हणाला लहाने आबाजी शाळेत गेले होते असं आजी सांगायची. शाळेत गेलो. हेडमास्तर मॅडमनी स्वतः कपाटावरून रजिस्टर काढलं, धूळ झटकून दोघं बघत बसलो.

सापडलं. १९५१, पहिलीत नाव दाखल, जातीसकट, शाईनं. शेरा: सततची गैरहजेरी, नाव कमी केले. तीन महिने गेले होते फक्त, मग ढोरं राखायला लावलं म्हणे.

मॅडमनी सही शिक्का मारून उतारा दिला. फाईल सोमवारी टाकतोय, पुतण्या सोबत येणार आहे, पुढच्या वेळी घरातल्या कोणाची असेल तेव्हा त्याला माहीत पाहिजे.